यशवंतअण्णांची उसनी पोरं

अण्णा गेल्याची बातमी मला एका भांडणाच्या मधोमध कळली. मल्लेश्वरमच्या बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा निवडत होते आणि पिशवीतला फोन नुसता टुणटुणत होता. आमच्या संघाच्या ग्रुपवर सकाळपासून जुंपली होती. ड्रम घेऊन जाणारा टेम्पो आधी इंदिरानगरच्या शाळेत जाणार की चामराजपेटच्या, एवढ्याशा गोष्टीवरून. ‘यांना दुसरे उद्योग नाहीत का’ असं पुटपुटत फोन काढला, तर त्यातच अण्णांच्या नंबरावरून मेसेज आलेला. किती महिन्यांनी! मला इतका आनंद झाला की शेंगा तशाच टाकून तो आधी उघडला. ‘अण्णा पहाटे गेले. कमला.’ बस, त्यांच्या बायकोने लिहिलेलं एवढंच. आणि त्याच्या बरोब्बर खाली कुणा शहाण्याने, वरचा टेम्पोचा मेसेज वाचून, अंगठा उंचावलेला. त्या अंगठ्याचा मला असा काही संताप आला की रडू यायचंच राहून गेलं. भाजीवाली विचारत होती, “अक्का, किती घालू?” मी तिला म्हटलं, “काही नको गं, आमचे अण्णा गेले.” तिला कोण अण्णा ते कुठलं ठाऊक, पण तिने हातातला तराजू खाली ठेवला.

यशवंतअण्णा चामराजपेटचे. त्यांच्या आजोबांच्या वेळी घराणं बेळगावकडून इथे आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. वडिलांचा लग्नाचा बँड होता. लाल कोट, सोनेरी झालर, वरातीपुढे गॅसबत्त्या. अण्णा शाळकरी वयात ट्रम्पेट फुंकत वरातीत चालायचे. वडिलांच्या बँडमध्ये कॅन्टोन्मेंटकडचे एक म्हातारे वादक होते, तरुणपणी हॉटेलांतून वाजवलेले. वरात संपली की नवरदेवाच्या मांडवामागे बसून ते आपल्याशीच काहीतरी निराळं वाजवत बसायचे. ते जॅझ. पुरवणीच्या वाचकांसाठी सांगते, कारण मलाही कुणीतरी असंच सांगावं लागलं होतं. धून ठरलेली, ताल ठरलेला, पण मधल्या जागेत ज्याची पाळी येईल त्याने उभं राहून त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. आपल्याकडे गवई आलाप-ताना घेतात ना, त्याच जातीचं. अण्णांना ते वेड तिथे लागलं ते लागलंच. पुढे मल्लेश्वरमच्या एका शाळेत बँडमास्तर म्हणून चिकटले, प्रजासत्ताक दिनाची संचलनं बसवली, आणि संचलन संपलं की त्याच पोरांना मागच्या खोलीत नेऊन जॅझ शिकवायचे.

मी पुण्याची. सरकारी संशोधन संस्थेतल्या नोकरीपायी इथे आले आणि इथलीच झाले, पण जिभेची धार तेवढी पुण्याचीच राहिली असं आमच्या घरातून बोललं जातं. माझी मुलगी ईशा अण्णांच्या शाळेत सॅक्सोफोन शिकत होती. एक दिवस घरी येऊन साधी सोपी धून वाकडीतिकडी वाजवायला लागली. मी म्हटलं, अगं, नीट वाजव. तर म्हणते, “सरांनी सांगितलंय, रोज एक नवी चूक करून आणायची.” माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत धडकले. मागच्या खोलीत एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ ट्रम्पेटच्या नळीतून थुंकी काढत बसले होते.

“तुम्ही मुलांना चुका करायला शिकवता?” मी दारातूनच.

“व्हय की,” ते शांतपणे म्हणाले. “बसा. स्वल्प कॉफी घेणार?”

मी कॉफी घेणार नव्हते. मी भांडायला गेले होते. पण त्यांनी फ्लास्क उघडला, स्टीलच्या पेल्यात कॉफी ओतली आणि म्हणाले, “बरोबर कसं वाजवायचं ते पुस्तकात लिवलेलं हाय, मॅडम. चुकल्यावर पळून न जाता पुढं काय वाजवायचं, ते कुठल्या पुस्तकात न्हाई. तेवढंच मी शिकवतो.” मी पेला उचलला. तासाभराने मी बाहेर पडले तेव्हा तक्रार करायला गेलेली बाई संघाची चिटणीस झाली होती! कशी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अण्णा माणसाला कामाला लावायचे ते असं, आपण जुंपले गेलोय हे घरी पोचल्यावर कळायचं.

संघ म्हणजे आमच्या भागातल्या शाळांचा जॅझ शिक्षणाचा संघ. नाव भारदस्त, अंगात जीव नाही. छापील कागद, रबरी शिक्का आणि वर्षातून एक स्पर्धा. स्पर्धेत दरवर्षी त्याच त्या पैसेवाल्या शाळा करंडक न्यायच्या, कारण वाद्यं त्यांच्याकडे, शिक्षक त्यांच्याकडे. चामराजपेटच्या कन्नड शाळेत चार ट्रम्पेट आणि ड्रम नाही. दुसरीकडे ड्रम आहे तर वाजवणारा नाही. लहान शाळा एकदा यायच्या, हिरमुसून जायच्या, पुढल्या वर्षी तोंड दाखवायच्या नाहीत. संघ आटत चालला होता आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, अण्णांशिवाय.

मग ती स्पर्धा झाली. इंदिरानगरच्या एका शाळेचं वातानुकूलित सभागृह, पालक खचाखच. पहिल्या शाळेच्या बँडमधून एक मुलगी उभी राहिली, तिने आपला तुकडा वाजवला. उत्स्फूर्त बरं का! टाळ्या. थोड्या वेळाने दुसऱ्या शाळेचा मुलगा उठला आणि... तोच तुकडा. सूर न् सूर तोच. सभागृहात कुजबुज. तिसऱ्या शाळेची मुलगी उठली, आणि तिनेही तोच वाजवायला घेतला! मधे एका जागी अडखळल्यासारखं करून पुढे जायचं होतं, तर तिघंही त्याच जागी अडखळली. काय झालं होतं, तिघांची शिकवणी एकाच सरांकडे. परीक्षेसाठी निबंध लिहून द्यावा तसा त्या सरांनी ‘त्या क्षणी सुचलेला’ तुकडा लिहून दिला होता, आणि पोरांनी बिचाऱ्यांनी तो चोख पाठ केला होता. सहजता सुद्धा घोकून आणायची, ही करामत आपलीच मंडळी करू जाणे! पालक उठून उभे. कुणी कुणाची नक्कल केली यावर दोन वडील तावातावाने बोलायला लागले, परीक्षक चष्मा पुसत बसले, आणि ती तिसरी मुलगी स्टेजवर रडकुंडीला आली.

अण्णा उठले. पायऱ्या चढून वर गेले, तिन्ही मुलांना शेजारी शेजारी उभं केलं आणि म्हणाले, “सरी, बरं, पाठ तर झालंय सुरेख. आता तिघं मिळून एकदम वाजवा बघू.” तिघांनी वाजवलं. एकत्र ऐकताना ते खरंच झकास वाटत होतं. “आता वाजवत ऱ्हावा,” म्हणाले, आणि मग खाली बसलेल्या चामराजपेटच्या शाळेतल्या एका ट्रम्पेटवाल्या मुलीला हाताने वर बोलावलं. तिघांच्या त्या पाठ केलेल्या तुकड्यावर ती आपलं काहीतरी वाजवायला लागली. आधी घाबरत, मग मोकळी. ती थांबली तेव्हा रडवेली मुलगी, तिच्या हातातला कागद केव्हाच खाली पडला होता, हिच्याकडे बघत स्वतःचं वाजवायला लागली. करंडक त्या दिवशी कुणालाच दिला नाही. तो परत टेबलाखाली गेला तो गेलाच.

परतताना रिक्षात अण्णा गुडघ्यावर ताल धरून होते. कॉर्पोरेशनच्या सिग्नलला एकदम म्हणाले, “ताई, आपल्यात शेजारी साखर उसनी मागायला येतोय, तेव्हा वाटी घेऊन येतोय ना?” म्हटलं, हो. “आणि वाटी परत देताना?” म्हटलं, रिकामी देत नाहीत, काहीतरी घालून देतात, निदान चार शेंगदाणे. “मग तसंच करूया की,” ते म्हणाले. “पोरं उसनी देऊया.”

आधी वाटलं, यांना ऊन लागलं असावं. पण त्यांचं डोकं पक्कं चालत होतं. स्पर्धा बंद. त्याऐवजी दर सत्रात प्रत्येक शाळेने आपलं एक मूल दुसऱ्या शाळेच्या बँडला उसनं द्यायचं. ड्रम नसलेल्या शाळेला ड्रमवाला मिळेल, आणि आपल्याला कुणाबरोबर वाजवायचंय हे आधी माहीत नसलं की पाठांतर आपोआप संपेल. अट एकच. वाटी रिकामी परत यायची नाही. उसन्या गेलेल्या मुलाने तिथून एक धून शिकून यायची आणि आपल्या शाळेला शिकवायची. मला अण्णांनी खरं गुपित नंतर सांगितलं, डोळे मिचकावून: “ज्याचं पोर दुसऱ्याच्या घरात हाय, तो संघ सोडून जातोय कसा?”

पहिलं वर्ष म्हणजे नुसती वणवण होती. इंदिरानगरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, अंगावर कडक इस्त्रीची साडी, म्हणाल्या, “आमचा सर्वांत चांगला सॅक्सोफोनवाला मी त्या शाळेत का पाठवू? त्यांच्याकडे देण्यासारखं आहे काय?” मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. “मॅडम, देण्यासारखं नसंल तर पोर मोकळं येतंय. तेव्हा तुम्ही मला बोला, मी ऐकून घेतो.” तो मुलगा चामराजपेटला गेला. तिथली मुलं सणावाराला देवळापुढे ढोल वाजवणारी, तालाला पक्की. सत्र संपल्यावर तो जी धून घेऊन आला, तिच्या तालावर इंदिरानगरचा अख्खा बँड धडपडला. मुख्याध्यापिकाबाईंनी अण्णांना बोलावून घेतलं, आणि बोलणी खायला म्हणून गेलेल्या आम्हाला बदामाचा हलवा मिळाला. पुढच्या सत्राला त्यांनी आपणहून दोन मुलं देऊ केली.

संघ वाढला. म्हैसूर, हुबळीकडच्या शाळा आल्या. पण कोणाचं पोर कुठे, कोणाला काय हवं, कुठले दोन शिक्षक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे सगळं अण्णांच्या डोक्यात. फोन सकाळी दुधाच्या आधी सुरू. कमलाक्का, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायची, “माझ्याशी बोलायचं असलं तर मी पण शाळा काढते.” मी किती वेळा म्हटलं, अण्णा, हे कुणाला तरी वाटून द्या, सगळं तुमच्यावर टांगलेलं आहे. ते ‘सरी, सरी’ म्हणायचे आणि पुढचा फोन उचलायचे. मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी ट्रम्पेटला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. आणि जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या, ऐन धामधुमीत, अण्णांचा फोन बंद! लागेना की लागेना. सगळ्या शाळांनी मग माझा जीव खाल्ला. मी तडक चामराजपेट गाठलं.

अण्णा खिडकीजवळ खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ठणठणीत.

“अण्णा, काय चाललंय हे? तिकडे शाळा बोंबलतायत. रेश्माकडे ड्रमवाला नाही, बसवराज सरांकडे दोन-दोन येऊन बसलेत, आणि तुम्ही इथे शेंगा खाताय?” रेश्मा म्हणजे इंदिरानगरची तरुण संगीतशिक्षिका, बसवराज सर चामराजपेटच्या कन्नड शाळेतले.

“मग रेश्माला बसवराजचा नंबर ठाऊक हाय ना?”

“असेल. पण त्यांना एकमेकांशी बोलायची सवय कुठे आहे? ते तुमच्याशी बोलतात!”

“तेच,” अण्णा म्हणाले. हातातली शेंग त्यांनी तशीच खाली ठेवली. “ताई, माझा बाप गेला तेव्हा आमचा बँड तेरावं व्हायच्या आत मोडला. वीस-बावीस माणसं, एकापरीस एक वाजवणारी. भांडण न्हाई, तंटा न्हाई. नुसती घरी बसली. का? सगळ्यांना माझा बाप ठाऊक. एकमेकांच्या घरी कुणी कधी गेलाच न्हवता. मी दारोदार फिरलो, हातापाया पडलो... कोट तेवढे उरले. माझं हे तसं मोडायला नको हो. मी हाय तवरच त्यांना माझ्यावाचून भांडू दे.”

मी त्यांनी ठेवलेली शेंग उचलून सोलली. म्हटलं, “आणि मी काय करू?”

“तुम्ही पण फोन उचलू नका.”

मला सांगा, माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा नाही तर काय? फोन वाजायचा आणि मी पोळी लाटत बसायचे, लाटणं आपटत. नवरा म्हणायचा, अगं, उचल एकदाचा. गोंधळ तर असा झाला की विचारू नका. एका शाळेच्या कार्यक्रमात ड्रमवालाच पोचला नाही आणि पोरांनी बाकं बडवून वेळ निभावली. एका सरांनी मला ‘मॅडम, संघ आहे की मिटला?’ असा खवचट मेसेज केला. बोटं शिवशिवत होती, पण दम धरला. हळूहळू फोन कमी झाले. कुणीतरी ग्रुप काढला, अण्णांचा बंद नंबरही त्यात घातला. त्यावर आधी नुसती ‘सुप्रभात’ची फुलं, मग विनवण्या, मग टोमणे, मग रीतसर भांडणं. मी अण्णांना जाऊन सांगायचे, आज रेश्मा बसवराज सरांना असं असं म्हणाली. ते खुदुखुदु हसायचे. “मग? त्यानं काय उत्तर दिलं?”

शेवटची भेट म्हणावी ती नोव्हेंबरातल्या संमेलनाची. आता संमेलन म्हणजे सगळ्या शाळांची सरमिसळ, कुठलं पोर कुठल्या बँडमध्ये त्याचा पत्ता नाही. अण्णा शाल गुंडाळून, कमलाक्काचा हात धरून आले, तर दारावर स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या एका नव्या शिक्षिकेने त्यांना अडवलं. “अंकल, पास?” माझ्या तळपायाची आग मस्तकात! मी म्हटलं, अगं, तुला कळतं का हे कोण... अण्णांनी माझा दंड असा घट्ट धरला की मी थांबले. “न्हाई हो पास,” त्या मुलीला म्हणाले, “मागं उभा ऱ्हातो, चालंल?” आणि तास-दीड तास मागे उभे राहून ऐकलं. मधूनच मला कोपर मारून म्हणाले, “ताई, तिनं मला ओळखलंच न्हाई!” नातवंड झाल्यासारखा चेहरा फुललेला. मला तेव्हा रागच आला होता. त्यांचा तो चेहरा आठवला की मात्र आता फार माया दाटून येते.

जानेवारीत अण्णा गेले. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली, फुलं आली, आणि मग सगळं चिडीचूप. ना ड्रम, ना टेम्पो, ना सुप्रभात. दिवसामागून दिवस मी फोन उघडून बघायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. अण्णांच्या वडिलांचा बँड कसा मोडला ते ऐकलेलं ना मी. संघाची महिन्याची बैठक जवळ आली, पण कुणी येणार म्हणून कळवलं नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. त्या शनिवारी कमलाक्काकडून अण्णांचा फोटो आणून चौकटीत घालून घेतला, हार घेतला, चार शब्द मनाशी जुळवले आणि मल्लेश्वरमच्या शाळेच्या त्या मागच्या खोलीत वेळेआधीच जाऊन बसले. वाटलं, निदान आपण एकटीने तरी...

दार ढकलून रेश्मा आली ती मागे बघत, तोंडाचा पट्टा चालूच. “सर, ते जमणार नाही. आमचा बासवाला तुम्ही नेलात, मग तुमची ट्रम्पेटवाली मुलगी आम्हाला द्या.” मागून बसवराज सर, “अहो, तिची दहावीची परीक्षा आहे हो, स्वल्प विचार करा की!” त्यांच्यामागून म्हैसूरचे, हुबळीचे, आणि ती पास मागणारीसुद्धा. खुर्च्या फराफर ओढल्या गेल्या. कन्नड, हिंदी, इंग्रजी, सगळ्या भाषांत भांडण पेटलं. मी दोनदा घसा खाकरला. कुणाचं लक्ष नाही. अण्णांचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याने तुमच्यासाठी उंबरे झिजवले त्याच्यासाठी दोन मिनिटं नाहीत? तेवढ्यात रेश्मा माझ्याकडे वळली. “ताई, तुम्हीच सांगा. कोणाचं बरोबर?” सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, “मला नका विचारू. तुमचं तुम्ही बघा.” लगेच पुन्हा कल्लोळ. फोटो पिशवीतच राहिला.

तिथून मी बस पकडून सरळ चामराजपेटला गेले. कमलाक्का अण्णांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. अण्णा गेल्यापासून ती फारसं बोलत नव्हती. मी पिशवीतून फोटो काढला तशी म्हणाली, “परत आणलास गं? लावला न्हाईस?”

“नाही अक्का. जमलंच नाही.”

“का? कुणी आलं न्हाई?” तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“सगळे आले. पण भांडतच आले आणि भांडतच बसले. उसन्या पोरांवरून. मला बोलूच दिलं नाही.”

“खरं सांगायलीस? जोरात?”

“कान किटले माझे.”

तिने हात पुढे केला. मी फोटो दिला. तिने तो मांडीवर घेतला, काचेवरून पदर फिरवला, आणि माझ्याकडे न बघता, अण्णा समोर बसलेत अशा थाटात फोटोकडे बघून म्हणाली, “ऐकलंसा न्हवं? भांडायलेत म्हणे.”